आंक्लाचे मालक

सान्तियागोच्या त्या हॉटेलात हात वर करून उभा असलेला माणूस एकटाच होता: एवारिस्तो पाल्मा, तालकावानो बंदरातला निवृत्त वेल्डर. आंक्ला फुटबॉल क्लबच्या सभेत पूर्वी असेच हात वर व्हायचे, माणशी एक. आता क्लबची कंपनी झाली होती आणि ही भागधारकांची सभा होती. हे ठाऊक असूनही त्याचा हात सवयीने वर गेला होता.

"हात नकोत, काका," चिटणीस माईकवरून म्हणाला. "इथं शेअर मोजतात. तुमचे चाळीस, मैदान विकायला विरोध. लिहून घेतलं."

दोन-चार जण हसले. एवारिस्तो खाली बसला. त्याचे कान तापले होते. शेअर घेताना मुलगी कानीकपाळी ओरडत होती, "बाबा, आधी अहवाल वाचा. मालक कोण, कारभार कुणाच्या हातात, ते तरी बघा!" त्याने तिला उडवून लावलं होतं. आंक्लाचे मालक कोण, हे त्याला शिकवायचं? मैदान विकायला निघालेल्या अध्यक्षाकडे निम्मेही शेअर नाहीत, एवढं त्याने ऐकलं होतं. बाकीचे सगळे आपलेच, म्हणजे चाहत्यांचे, असं तो धरून चालला होता.

शेजारची करड्या कोटातली बाई उठली. "एकतीस टक्के. विक्रीला मंजुरी."

अध्यक्षाच्या शेअरांत ते मिळाले आणि तेवढ्यावर निकाल लागला. बंदरालगतचं मैदान गेलं.

"पोरी, एवढ्या शेअरची मालकीण तू?"

"मी कसली मालकीण? पेन्शन फंडाची नोकर." तिने फंडाचं नाव सांगितलं.

एवारिस्तोने ते पुन्हा विचारून घेतलं. चौतीस वर्षं दर महिन्याला त्याच्या पगारातून कापलेले पैसे याच फंडात गेले होते.

"म्हणजे माझ्याच पैशांनी घेतलेत हे शेअर?"

"तुमच्या, आणि तुमच्यासारख्या लाखोंच्या."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तशी पद्धत नाही, काका."

"काढून घेतो मी माझे पैसे."

"काढता येत नाहीत. फार तर दुसऱ्या फंडात नेता येतील." तिने पुढच्या रांगेतल्या टकलू साहेबांकडे बोट दाखवलं. "तो फंड त्यांचा. त्यांनीही मंजुरीच दिली."

कुणाची कॉलर धरावी तेच एवारिस्तोला कळेना. समोर ही एकटीच होती.

"तुझ्या बापानं त्या मैदानाची धूळ खाल्ली असती ना," तो दात आवळून म्हणाला, "तर तुझी जीभ धजावली नसती!"

बाईने फाइल मिटली.

"माझे बाबा गेल्या रविवारीसुद्धा तिथंच होते, समुद्राकडच्या पायऱ्यांवर," ती म्हणाली. "त्यांचंही मत आत्ता मीच दिलं."