चाकं तेवढी राहिली

सकाळी साडेआठला मिस्त्रीने शटर वर केलं, दिवा लावला, कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी सोडलं आणि एकट्यापुरता चहा स्टोव्हवर ठेवला. तो उकळेपर्यंत चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडांवर, उभ्या असलेल्या गाडीवरची ताडपत्री काढून तिची घडी केली. दहा महिन्यांत हा क्रम बदललेला नव्हता, दुसरी गाडीही त्याने कामाला घेतली नव्हती. बदलावा इतका उत्साहही त्याच्यात नव्हता.

गाडी मास्तरांची. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने जुनाट मोटारीची हॉट रॉड, म्हणजे कापून-सजवून दणकट केलेली वेगाची गाडी, करायला घेतली होती. छप्पर चार बोटं कापून बुटकं केलेलं, बॉनेट काढून इंजिन उघडं ठेवलेलं. सगळं तयार होतं. राहिली होती फक्त चाकं.

ती मिस्त्रीनेच राहू दिली होती. बायको गेल्यावर दोन महिने त्याने गॅरेज उघडलं नव्हतं. तेव्हा मास्तरांची मुलगी घरी आली.

"काका, बाबांच्या डोळ्यांत आता काही उरलं नाही. गाडी पूर्ण झाली की ते चालवणारच, कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. तुम्ही नाही म्हणालात तर दुसरीकडे नेतील. तुम्हीच घ्या, पण चाकं लावू नका."

तेव्हापासून दर मंगळवारी मास्तर येत, जाड चष्म्यातून रिम नाकाशी धरून न्याहाळत, आणि मिस्त्री खोट काढी. चकचकीत अलॉय पाहून म्हणाला, "अंगात आजोबांचा कोट नि पायात नातवाचे बूट." पुढे रुंद टायर नकोत, कारण गाडी बसलेल्या बेडकासारखी दिसेल. पांढऱ्या पट्ट्याचे तर नकोच. "ही दांडगट पोर आहे मास्तर, तिला मोजे कशाला घालता?"

मास्तर कधी वाद घालत नसत. "तू म्हणशील तसं," म्हणत, चहा घेत आणि जेवणवेळेपर्यंत बसून राहत. इतक्या भल्या माणसाला आठवड्याच्या आठवड्याला फसवायचं. गॅरेजच्या कामाने मिस्त्री कधी थकला नव्हता, इतका या खोट्याने थकला होता.

त्या मंगळवारी हातातला चहा निवायच्या आत त्याने ठरवलं. या गाडीला काय शोभेल, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. साधे, काळे, लोखंडी रिम. पुढे अरुंद टायर, मागे उंच आणि भरदार, म्हणजे उभ्या जागीही गाडी पुढे झेपावल्यासारखी दिसते. मागल्या आठवड्यात आणून माळ्यावर ठेवलेली ती चारही चाकं त्याने खाली उतरवली. नट आडवे-उभे, समोरासमोरचे, आवळले. जॅक लावून एकेक घोडा काढला. दहा महिन्यांत गाडी पहिल्यांदाच जमिनीवर टेकली.

दहाला मास्तर आले आणि दारातच थांबले.

"बसवलीस?"

"बसवली." मिस्त्री हात पुसत राहिला. "आता खोटं बोलवत नाही, मास्तर. तुमच्या डोळ्यांचं मला ठाऊक आहे. मुलीला बोल लावू नका, तिने जीव तुटतो म्हणून सांगितलं. चावी माझ्याकडे राहील. दर मंगळवारी गाडी मी चालवीन, तुम्ही शेजारी बसायचं."

"आणि तुझे बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस कामाचे. उद्या पलीकडच्या डॉक्टरीणबाईंची गाडी घेतलीय. गुरुवारी आणखी एक आहे."

 मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि तिथूनच, चार पावलांवरून, मागच्या टायरच्या कडेवरचे हरभऱ्याएवढे आकडे वाचले.

"एकोणिसाव्या आठवड्यात बनलेला, याच वर्षीचा. माल ताजा आणलास."

त्यांनी मुलीला फोन लावला.

"अगं, मिस्त्री सावरला. माझ्या डोळ्यांचं नाटक आता बंद करू या."