ताठ कंबर

सकाळपासून दवाखान्याच्या नोंदवहीत लिहून लिहून डॉक्टरांचा हात भरून आला होता. शेवटी रनाळ्याचे पितांबर तरण्या मुलाला, नवलला घेऊन आले. “पोऱ्या ढोंगी शे. सकायले कंबर धरनी म्हनी उठत नही, दुपारले मस्त वखर हाकस. रोग नही म्हनी लिखी द्या, मी त्याले घरमातून काढसू.” दिवसभर कंबरदुखीच ऐकलेल्या डॉक्टरांनी रोगाच्या रकान्यात ‘काही नाही’ लिहायला टाक बुडवला. तरी खात्रीसाठी नवलची टोपी जमिनीवर ठेवली. “उचल.” नवल डोक्यावर भरला हंडा असल्यासारखा, पाठ न वाकवता, गुडघे मुडपत बसला. “अशी उचलतस का टोपी!” म्हणत बाप चिडून पुढे झाला आणि टेबलाला धरून तशाच ताठ पाठीनं खाली बसला. डॉक्टरांचा टाक थबकला. “तुमचीही कंबर धरते?” “जवानीपासून. रोज सकायले.” पितांबरांनी टोपी झटकली. “सगळास्नीच धरस ना, डाक्टर?”