सहाशे पावले

मनोरा दिसत नव्हता. रिम्माने चष्म्याच्या काचा हातमोज्याने पुसल्या आणि पुन्हा पाहिले. हवामान स्थानकाच्या यंत्रांभोवतीच्या पांढऱ्या कुंपणापासून अर्ध्या किलोमीटरवरचे लाल पिंप स्पष्ट होते. एक किलोमीटरवरचे जुने गोदाम अंधुक होते, पण होते. त्यापलीकडे, दोन किलोमीटरवरच्या लाकडी मनोऱ्याच्या जागी, नुसते धुके होते. कुंपणातून तो मनोरा दिसला तरच विमानतळावरून हेलिकॉप्टर निघणार होते, आणि त्यात तिचा नवरा वेन्या बसणार होता.

फेब्रुवारीत पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी गेलेला माणूस मे महिना अर्धा सरल्यावर परत यायचा होता. त्याच्या आंघोळीसाठी तिने सकाळीच न्हाणीघराची भट्टी पेटवली होती. हेलिकॉप्टर उद्यापासून भूगर्भवाल्यांच्या छावणीकडे जाणार होते. त्यानंतर नद्यांवरचे बर्फ फुटून वाहून जाईपर्यंत, म्हणजे जूनच्या अखेरीपर्यंत, टुंड्राच्या या टोकाला कोणी फिरकणार नव्हते. दर तीन तासांनी एक, अशा दिवसाच्या आठ नोंदी ती तीन महिने एकटीने घेत होती. यंत्रांवरचे आकडे मोठ्याने वाचायची तिला सवय लागली होती; तेवढाच माणसाचा आवाज कानावर पडे.

“उणे चार,” ती म्हणाली. “वारा ईशान्येचा, मंद.”

दृश्यतेचा रकाना तिने कोरा ठेवला. मग अस्वलांच्या भीतीने खांद्यावर घेतलेली बंदूक सारखी केली आणि कुंपणाबाहेर पडून मनोऱ्याच्या दिशेने चालू लागली. वरचे बर्फ मऊ झाले होते. पाय नडगीपर्यंत रुतत होता. ती पावले मोजत होती. पाचशेव्या पावलाला काही नव्हते. सहाशेव्या पावलाला धुक्यात एक आडवी फळी उमटली, मग तिच्याखाली तीन तिरपे पाय.

“दिसला,” रिम्मा म्हणाली, आणि धावतच मागे फिरली.

विमानतळावरची क्लावा रेडिओवर वाटच पाहत होती. “अगं, बोल पटकन! पायलट माझ्या डोक्यावर बसलाय. आणि तुझा नवरा पहाटेपासून इथे बाकावर बसून आहे, टोपीसुद्धा काढली नाही. पिशवीत तुझ्यासाठी काकड्या आहेत म्हणे. मी एक मागितली तर कंजूषाने पिशवी पोटाशी धरली, टाक्यांवर!”

“मनोरा दिसतो,” रिम्मा म्हणाली.

“सुटले बाई! लिहिते हं, दृश्यता दोन किलो...”

“थांब, क्लावा.” पलीकडे खुर्ची सरकली. वेन्याचा आवाज जवळ आला. “रिम्मा, मनोरा दिसला?”

“दिसला.”

“कुठून?”

हे विचारायचे क्लावाला सुचले नसते, पायलटलाही नाही. वीस वर्षे त्याच कुंपणात उभे राहून ज्याने तो मनोरा पाहिला होता, त्यालाच ते सुचणार. रिम्माने बोलायचे बटण दाबले आणि सोडले. ‘कुंपणातून’ एवढाच शब्द हवा होता. तो उच्चारला तर संध्याकाळी टेबलावर दोन ताटल्या लागल्या असत्या.

तिने बटण पुन्हा दाबले. “पुढे जाऊन बघितला,” ती म्हणाली. “सहाशे पावलं.”

 वेन्या हसला आणि मध्येच कळ आल्यासारखा थांबला.

“बंदूक नेली होतीस?”

“नेली होती.”

“एवढी तरी अक्कल आहे म्हणायची. मी असतो तर हजार पावलं गेलो असतो.” मग त्याने विचारले, “कुंपणातून कुठवर दिसतं?”

“गोदामापर्यंत. तेही धड नाही.”

“मग तेच लिही, बाईसाहेब.”

“दोघंही वेडी आहात तुम्ही!” क्लावा मागून ओरडली. “महिना-दीड महिना आता! अरे, पायलट जाऊन बघेल की स्वतःच्या डोळ्यांनी!”

“जाऊन बघेल तेव्हा तो तिथेच असेल ना, क्लावा,” वेन्या म्हणाला. “वर, धुक्यात. आणि त्याच्या मागे आम्ही पाच प्रवासी.”

रिम्माने रकान्यात एक किलोमीटर लिहिले, तारखेपुढे सही केली आणि नोंद वाचून दाखवली. क्लावाने ती उतरवून घेतली. थोड्या वेळाने तिने आजचे उड्डाण रद्द झाल्याचे कळवले. एवढे सांगूनही तिने रेडिओ लगेच बंद केला नाही.  रिम्मा न्हाणीघरात गेली. भट्टीत आणखी लाकडे घालायची नाहीत, हे लक्षात येईपर्यंत तिने दोन घातली होती.

तीन तासांनी ती पुन्हा कुंपणात जाऊन आली. धुके तसेच होते. तिने रेडिओ लावला, तर पलीकडे वेन्या होता.

“क्लावा जेवायला गेलीय. मी उतरवून घेतो. सांग.”

तिने स्थानकाचा क्रमांक सांगितला. मग तापमान, दाब, वारा, दृश्यता. रीतीप्रमाणे तो एकेक आकडा परत म्हणत गेला. तिचा आकडा संपला की त्याचा येई, आणि त्याचा संपला की ती पुढचा सांगे. शेवटचा आकडाही त्याने परत म्हटला.

“पुन्हा सांग,” तो म्हणाला.

“कुठला?”

“सगळेच.”

“नीट ऐकू नाही आलं?”

“आलं की.”

रिम्माने वही जवळ ओढली आणि स्थानकाच्या क्रमांकापासून पुन्हा सुरुवात केली, सावकाश.