भिंतीवरचे पंचेचाळीस

जयपूरच्या आमच्या कारखान्यात लाइट गेली की लिनक्स सर्व्हर उठताना नेटवर्कवर नवाच पत्ता घ्यायचा आणि सगळे कॉम्प्युटर त्याला जुन्या पत्त्यावर शोधत बसायचे. वैतागून मी त्याला कायमचा पत्ता दिला, शेवटचा आकडा चोपन्न. शेठजींना कायमचं म्हणजे भिंतीवर रंगवलेलंच पटतं. म्हणून पेंटर गोवर्धनजी आले आणि लालभडक ऑइलपेंटमध्ये चोपन्नचे पंचेचाळीस करून बसले. “मॅडमजी, शेठजी सर्व्हरच्या पूजेला येतच असतील!” गोवर्धनजी घाबरून म्हणाले. “भिंत राहू द्या, भैया,” म्हणत मी सर्व्हरची फाइल उघडली, चोपन्न पुसून पंचेचाळीस टाकले, बाकीच्या कॉम्प्युटरांनाही तेच कळवलं. शेठजींनी नारळ फोडला आणि लाइट गेली. परत आली तेव्हा सगळ्यांना सर्व्हर जागेवर सापडला. शेठजींनी भिंतीला हात जोडले. “गोवर्धनजी, तुमच्या हाताला यश आहे! आता खाली लिहा, लाइट जाणार नाही.”