पांढऱ्या गाडीची चावी

“परत बंद पडली,” पांढऱ्या गाडीवाली म्हणाली आणि रिमोटची चावी तिने काउंटरवर ठेवली.

महिन्यात चौथ्यांदा. भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच कमी होते. दर वेळी तेवढेच असायचे.

चावीवाल्याची बायको मागच्या मोरीत लेकीची दुधाची बाटली धूत होती. तिने नळ बारीक केला. नळाच्या आवाजात माणसांचं बोलणं नीट ऐकू येत नाही.

नवऱ्याने चावी तपासणीच्या यंत्रासमोर धरून बटण दाबलं. दिवा लागला नाही. लेकीला छातीशी झोळीत बांधूनच तो काम करायचा. ती घरी आल्यापासून त्याला ही सवयच लागली होती. ते वजन नसलं तर हात चुकतो म्हणायचा.

“मागच्या वेळी बटणाखाली धूळ होती,” तो म्हणाला. “त्याच्या आधी सेल उलटा. तुमची चावी माझ्यावर रुसलेली दिसते.”

पांढऱ्या गाडीवाली हसली नाही. ती नुसती बघत होती. तो यंत्राकडे वळला की तिची नजर वळायची, तो खाली वाकला की तीही वाकायची. चावीकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

बायकोने हे सगळं मोरीच्या दारातून टिपलं.

“झालं. सेल जरा सैल बसला होता,” नवरा म्हणाला.

“उद्या उघडं असतं का?”

“उद्या सुट्टी. घरीच असतो आम्ही.”

“सगळे?”

“सगळे म्हणजे, तिघंच तर आहोत.”

ती गेली. बायकोने काचेतून पाहिलं. पांढरी गाडी समोरच्या फुटपाथला लागली होती. चावी चालली, दिवे लुकलुकले, बाई आत बसली. आणि बसूनच राहिली. वीस मिनिटं गाडी हलली नाही.

“एवढी मोठी गाडी चालवते आणि सेल नीट बसवता येत नाही?” बायको म्हणाली.

“नाही येत लोकांना. त्यावर तर आपलं पोट चालतं.”

“दर आठवड्याला? ठोक्याला बाराच्या?”

नवऱ्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “अगं, मला बघायला कोण येणार? कपाळ कुठे संपतं ते मलाच सापडत नाही.”

“तेच कळत नाही मला.”

तो मनापासून हसला. तिलाही हसू आलं असतं, पण तिची नजर अजून काचेबाहेर होती. रात्री आरशासमोर ती जरा जास्तच वेळ उभी राहिली. परवाच एक गिऱ्हाईक म्हणालं होतं, “तुमच्याकडे बघून बाळ झाल्यासारखं वाटतच नाही हो.” तिने नुसती मान हलवली होती. आणि ती दुसरी? ढगळ कपडे, डोळ्यांखाली काळं, केस इतके गळलेले की भांग बोटभर रुंद. सुंदर बाई असती तर एक वेळ समजलं असतं. या बाईत त्याला असं काय दिसत होतं, की प्रत्येक वेळी तो पैसे नको म्हणायचा?

नवऱ्याला विचारायचं तिने दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा तो लेकीला अंगाई म्हणत होता, तीही बेसूर. विचारलं आणि त्याने मान खाली घातली तर? हे घर किती खटपटीने उभं राहिलं होतं ते तिचं तिला ठाऊक. ते कुणा ढगळ कपड्यांच्या बाईपायी मोडायला ती तयार नव्हती.

पुढच्या आठवड्यात एका डॉक्टरांची चावी डिकीत अडकली आणि नवरा हत्यारांची पेटी घेऊन गेला. लेक नुकतीच दूध पिऊन बायकोच्या खांद्यावर पेंगत होती. बाराला पाच कमी असताना दार ढकललं गेलं.

“ते नाहीत,” बायको म्हणाली. तोंड कसं उतरतं ते बघायला तिने मान वर केली.

तोंड उतरलं नाही. “चालेल,” पांढऱ्या गाडीवाली म्हणाली. “मी थांबते.”

“थांबायला कशाला हवं? आणा इकडे.”

दोन वर्षं काउंटरवर बसून बायकोलाही काम येत होतं. तिने एका हाताने लेकीला सावरलं आणि दुसऱ्या हाताच्या नखाने चावीचं झाकण उचकटलं. सेल बाहेर काढला. त्याच्या पोटाला पारदर्शक चिकटपट्टी लावलेली होती, कात्रीने गोल कापून, अगदी मापात.

तिने पट्टी सोलली, सेल बसवला, बटण दाबलं. यंत्राचा दिवा लागला. चिकटपट्टी तिने काउंटरवर, दोघींच्या मधोमध ठेवली.

“ही आपोआप लागत नाही.”

“नाही.”

“मीच लावते, एवढं तरी म्हणा.”

“मीच लावते.”

इतक्या सरळ कबुलीची बायकोने तयारी केली नव्हती. “हा माझा संसार आहे. तुम्ही इथे डोळे लावून बसलात म्हणून तुम्हाला काही मिळायचं नाही.”

“माहीत आहे. मला न्यायचं नाही काही.”

“मग कशाला येता सारखं सारखं? काय आहे इथे तुमचं?”

पांढऱ्या गाडीवालीने काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. ती इतकी हळू बोलली की बायकोला पुढे झुकावं लागलं.

“दूध प्यायल्यावर तिला अजून उचक्या लागतात का?” तिने विचारलं. “माझ्याजवळ होती ते नऊ दिवस, रोज लागायच्या.”