खचणे : अर्थ आणि उपयोग

या, जरा जवळ सरका. एका शब्दाची गोष्ट सांगतो, आणि तो शब्द फक्त आपल्यालाच कळतो असं समजणाऱ्या एका साहेबांची.

साहेब इमारतींचे पाये तपासायचे. कुठली भिंत कधी बसेल, हे नुसत्या टिचकीवर सांगायचे. देवाने विद्या भरभरून दिली. सोबत चिमूटभर दया घालायची तेवढी राहून गेली.

त्या दिवशी त्यांच्या टेबलावर नकाशे काढणाऱ्या बाईंचा अर्ज होता. बाईंची आई जाऊन महिना झाला होता. आदल्या दिवशी त्यांनी काढलेला जिना थेट भिंतीत शिरला होता. अर्जात एकच ओळ : ‘मी खचले आहे, चार दिवसांची रजा मिळावी.’

साहेबांनी ‘खचले’भोवती तांबडा गोल काढला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं वाचलं.

“अहो बाई, खचते ती जमीन. खचतो तो रस्ता. तुम्ही तर चांगल्या खुर्चीत बसलाय! किती इंच खचलात, पट्टी लावून बघू का?”

हॉल हसला. साहेब हसले की हसायचं, एवढं त्या हॉलला पगारात शिकवलेलं होतं.

“दुसरा शब्द सुचला नाही, साहेब.”

“मग सुचेल तेव्हा अर्ज करा.”

बाई जागेवर गेल्या आणि जिना खोडू लागल्या.

संध्याकाळी साहेबांनी हा विनोद मोठ्या कौतुकाने घरी नेला. बायको चहा गाळत होती. साहेबांनी बाईंचा पडेल आवाजसुद्धा काढून दाखवला, ‘किती इंच’ला स्वतःच मांडीवर थाप मारली, आणि ती हसायची वाट बघत बसले.

तिने कप पुढे सरकवला.

“मग रजा नाही दिलीत?”

“अगं, शब्दच चुकीचा!”

“मग बरोबर कोणता, अहो?” आवाजात भांडण नव्हतं. खरंच विचारत होती. “सांगा ना. या घरात आल्यापासून अकरा वर्षं शोधतेय. मलाही सापडत नाही.”

साहेबांचा हात मांडीवरच राहिला.

सकाळी अर्जावर सही झाली. हॉल म्हणाला, साहेब मनाने किती मोठे! म्हणू दे हॉलला. तुम्ही देवापुढे हात जोडाल तेव्हा साहेबांना राहू द्या बाजूला. त्या चहा गाळणाऱ्या माउलीची तेवढी आठवण ठेवा.