कापलेला कान

धनगर म्हाळूमामांनी आपल्या कुत्रीला, पांढरीला, मानेशी घट्ट धरलं होतं, तरी ती गुरगुरतच होती.

"मामा, शहरातली सगळी कुत्री क्लोन बनवणाऱ्या कंपनीने एकाच साच्यातून काढलीत," डॉक्टर रेवती घाईघाईने म्हणाली. "ज्या तापाने एक मरतं, त्याच तापाने सगळी मरतायत. मला वेगळ्या रक्ताची, पिल्लं होतील अशी गावठी कुत्री हवीय."

तिने पांढरीचा कान चाचपला आणि तिचा चेहरा उतरला. कानाचं टोक कापलेलं होतं. नसबंदी करून सोडलेल्या प्रत्येक कुत्र्याला पालिकेचे गाडीवाले हीच खूण करायचे.

"हीसुद्धा," ती पुटपुटली आणि जीपकडे वळली.

"बाई, ती पालिकेची गाडी परत येणार का?"

"कशाला येईल? न्यायला उरलंय कोण?"

"तो कान मीच कापलाय," मामा म्हणाले. "लोकर कातरायच्या कातरीनं. गाडीवाल्यांनी हिला न्हेऊ नये म्हणून."

त्यांनी बाजूचं घोंगडं उचललं. खाली चार रंगांची चार पिल्लं वळवळत होती. चौघांच्याही कानांची टोकं ताजी कापलेली होती.